सहावी सळई

…आणि वर मलाच विचारते, ‘मामा, तुम्ही एवढं पक्कं काम का केलंत?’ घ्या! आता याला काय म्हणायचं? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं झाली मी वेल्डिंग करतोय, फाटकं केली, जिने केले, खिडक्यांच्या जाळ्या केल्या, लोक येतात, जाळी धरून गदागदा हलवतात, हलली नाही की खूश होऊन घरी जातात. आजवर कुणी परत येऊन म्हणालंय का, की अहो, जाळी हलत नाही, जरा ढिली करून द्या? नाही ना? हललं म्हणजे कच्चं काम! उस्तादानं मला हे कान पिळून शिकवलं आणि मी पुढे दहा जणांचे कान पिळले.

तर ही माझी भाची. सख्ख्या बहिणीची मुलगी, माझ्याच दुकानात भंगाराच्या ढिगावर बसून पाढे पाठ केलेली. ती निघाली पेशींवर संशोधन करायला! सहा वर्षं झाली. एकदा विचारलं, ‘बाई गं, नक्की चाललंय तरी काय?’ तर म्हणते, ‘मामा, पेशीच्या भिंतीत एक प्रथिन असतं. एकच लांब साखळी, भिंतीतून सात वेळा आरपार गेलेली, शिंपी टीप घालतो ना, तशी. त्या सात सळयांमधली सहावी कशी हलते, ते मी बघते.’ एका सळईवर सहा वर्षं! आमच्याकडे तेवढ्यात पूल उभा राहतो. पण मी बोललो नाही, शिकलेल्या माणसांपुढे मी कमीच बोलतो… हसू नका, बोलतो!

मग आली तिची शेवटची तोंडी परीक्षा. ‘मामा, मला या प्रथिनाचं मोठं मॉडेल करून द्या, लोखंडाचं. परीक्षकांना हाताळता यायला हवं.’ कागदावर चित्र दिलं. एक पत्रा, म्हणजे पेशीची भिंत. त्याला सात भोकं, त्यातून सात सळया. सहा भोकं बरोबर सळईच्या मापाची, आणि सहाव्या सळईचं भोक? दुप्पट! म्हटलं, चुकला पोरीचा हात. फोनवर म्हणालीही होती, ‘मामा, सहावी घट्ट नको हं.’ मला वाटलं, एवढं मोठं भोक भरायचं म्हणजे मामाला त्रास, म्हणून संकोच करतेय बिचारी. संकोच कसला? मामा कशाला आहे? वॉशर घातला, चहूबाजूंनी वेल्डिंग भरलं, कानशीनं घासून असं गुळगुळीत केलं, की भोक होतं हे सांगूनही कुणाला पटू नये.

परीक्षा अकराला. दहा वाजता मी मॉडेल घेऊन कॉलेजात हजर. वरची वाटी, तार, खालचा सरकता ठोकळा आणि दिवा ती स्वतः बसवणार होती, ते तिनं पटापट बसवलं, वाटीत लाकडी गोळा ठेवला… आणि बघत बसली. गोळा काढला, परत ठेवला. ‘मामा, ही हलत नाहीये.’ मी छाती काढून म्हणालो, ‘हलणारच नाही! बैल बांध हवा तर!’ तुम्हाला सांगतो, तिचा चेहरा असा उतरला… ‘मामा, तेवढीच हलायला हवी होती हो. तेवढंच तर माझं काम आहे.’

माझ्या पायाखालची जमीन सरकली. छातीत धडधड, तळहाताला घाम. सहा वर्षं पोरीनं डोळे फोडून काढली, आणि मी ती अर्ध्या तासात वेल्डिंगनं बुजवून टाकली! ग्राइंडर काढला, तर शिपाई धावत आला, ‘ओ मामा! ओ! इथं ठिणग्या नाही चालणार! आत बाटल्या भरल्यात, सगळेच वर जाऊ!’ मग काय, हातकरवत. मी खाली बसून कापतोय, भाची सळई धरून बसलीय, आणि भीतीनं तिची तिथंच उजळणी सुरू.

‘मामा, आत्ता तुमची छाती धडधडतेय ना? ते असंच होतं. घाबरलं की रक्तात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. ते हृदयाच्या पेशीपाशी येतं, पण आत जात नाही. बाहेरच्या खोबणीत नुसतं टेकतं. टेकलं की सहावीचं आतलं टोक बाहेर झुकतं. किती? मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, साधारण. तेवढ्या फटीत आतलं दुसरं प्रथिन येऊन बसतं, ते पुढच्याला उठवतं, ते त्याच्या पुढच्याला… आणि हृदय धावत सुटतं.’

माझी करवत थांबलीच. अहो, विचार करा! पाहुणा दाराबाहेर उभा, आत पाऊल नाही, नुसता कडीला हात लावला, तर आत सगळं घर कामाला लागलं! पाहुणा गेला की कडी परत जागच्या जागी. भिंत गळत नाही, बाकीच्या सळया फट पडू देत नाहीत, आणि अशी लाखो दारं या माझ्या मळकट सदऱ्याच्या आत! कुणी केलं असेल हो हे काम? त्याच्या पायावर डोकं ठेवावं. आणि मी जन्मभर काय सांगत फिरलो? हललं म्हणजे कच्चं काम!

‘मामा, कापा ना!’ कापलं. अकराला दोन मिनिटं कमी असताना मॉडेल आत गेलं आणि मी दाराच्या फटीला डोळा लावला.

तीन परीक्षक. मधले नाकावर चष्मा ठेवून म्हणतात, ‘हं… बाहेरचं बाहेरच राहतं म्हणता, मग आतल्याला कळतं कसं? दाखवा.’ तिनं गोळा ठेवला. काही नाही! एक सेकंद… दोन… माझ्या लक्षात आलं, मागच्या बाजूला वेल्डिंगचा एक थेंब राहिलाय. वाटलं, दार फोडून आत जावं. पण पोरगी शांत! म्हणते, ‘सर, आधी अडलेलं रूप दाखवते. रक्तदाबाच्या काही गोळ्या असंच करतात. खोबणीत जाऊन बसतात, पण सहावीला झुकू देत नाहीत. मग अ‍ॅड्रेनलिनला जागाच उरत नाही.’

रक्तदाबाची गोळी? अहो, मी घेतो ती! म्हणजे मी रोज सकाळी पाण्याबरोबर वेल्डिंगच गिळतोय!

‘आणि आता गोळी काढली,’ असं म्हणून तिनं गोळा उचलला आणि पत्र्याच्या कडेवर मूठ मारली. कुठं मारायची ते बरोबर ठाऊक, दुकानातच वाढलीय ना! टक्! थेंब तुटला. ‘आणि हे अ‍ॅड्रेनलिन,’ म्हणून गोळा परत ठेवला, सळईचं खालचं टोक बाहेर झुकलं, फटीत ठोकळा सरकला आणि दिवा लागला! ते चष्मेवाले उठून आले, गोळा ठेवतात, काढतात, ठेवतात, काढतात… दहा वेळा! आणि मग म्हणाले, ‘अभिनंदन, डॉक्टर.’ मी रडलो. शिपायाच्या खांद्यावर रडलो. लाज कसली?

मॉडेल आता कॉलेजच्या दारात मांडलंय. परवा त्याच शिपायाचा फोन, ‘मामा, काम झकास हो, पण एक सळई ढिली राहिलीय. येणारा जाणारा हलवतो. वेल्डिंगचे दोन टाके मारून जा की.’ गेलो, काय करणार? सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडले, फडक्यानं पुसलं, म्हटलं, ‘झालं.’ त्यानं हलवून बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि पहारेकऱ्याला हळूच म्हणतो कसा, ‘वय झालं रे मामांचं. हात राहिला नाही पूर्वीसारखा.’

म्हटलं, हो बाबा, राहिला नाही.