सुमनचा पहारा

इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात हयात गेलेला माणूस अ‍ॅम्प्लिफायरला काय घाबरणार, असं तुम्हाला वाटेल. मी घाबरतो.

नात मृणाल अकोल्याहून गिटारचा, जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प घेऊन आली. गेनचं बटण फिरवून जोर वाढवला की आवाज कानात टोचायचा.

"आबाजी, रविवारी कार्यक्रम आहे. तुमीच करून द्या."

बदलायचा होता एकच कपॅसिटर. पण अशा अ‍ॅम्पमध्ये प्लग काढल्यावरही जीव घेण्याइतका विद्युतभार साठून राहतो. मी तो उतरवला, मीटर लावून पाहिला, पुन्हा पाहिला. तरी डाग द्यायचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न उचलायचो आणि परत ठेवायचो.

तेवढ्यात पंखा थांबला. वळून पाहतो, तर माझी बायको सुमन मेन स्विच बंद करून त्यावर हात ठेवून उभी.

"करा आता. मी हालत नाही इथून."

"अगं, गॅसवरचं दूध उतू चाललंय!"

"जाऊ द्या. दूध उद्या पुन्हा येते. तुमाले कुठून आणू?"

आयर्न अजून गरम होतं. ते उचललं, या वेळी परत ठेवलं नाही. कपॅसिटर बसला. मग मेन सुरू करून, प्लग लावून मृणालनं तार छेडली, तर आवाज कसा भरदार, मऊ!

"पाहा," सुमन म्हणाली, "मेन बंद केला म्हणून जमलं."

खरं म्हणजे अ‍ॅम्पचा प्लग मी आधीच काढलेला होता. मेन बंद करून काहीच फरक पडणार नव्हता. हे मी तिला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. पुढच्या वेळीही ती मला तिथंच उभी हवी आहे.