तिरप्या विटांची भिंत

क्षमा: बाबा, पान असं उलटं नका ना ठेवू. नीट वाचा एकदा. उद्या दुपारी पुस्तक छापायला जाऊन राहिलं.

श्रीपाद: वाचलं मी. दोनदा वाचलं. कागद भारी लावला आहे.

क्षमा: कागदाचं नाही विचारून राहिली मी.

शैलजा: काय लिहिलंय एवढं? मोठ्याने वाचा जी, माझा चष्मा आत आहे.

श्रीपाद: ऐक. 'दाबके अँड पार्टनर्सची पन्नास वर्षे. सुरुवात जबलपूरच्या राइट टाऊनमधल्या एका खोलीत, आज दुबई, सिंगापूर आणि लंडनमध्ये कार्यालये. पहिली इमारत म्हणजे एक छोटेसे वाचनालय. ड्राफ्ट्समनने नकाशावर उत्तर दिशा चुकीची दाखवली. पाया भरून झाल्यावर लक्षात आले, की वाचनकक्षात पश्चिमेचे ऊन थेट येणार. त्या चुकीतूनच वास्तुशिल्पी चंद्रशेखर दाबके यांनी तिरप्या विटांची भिंत जन्माला घातली.'

शैलजा: जन्माला घातली! बाळंतपण इथे झालं आणि बारशाला तो मिरवून राहिला.

श्रीपाद: तू थांब शैलजा.

शैलजा: काहून थांबू? पन्नास वर्षं थांबलीच ना.

क्षमा: म्हणजे आईला सगळं माहीत होतं. आणि मी तेरा वर्षं त्याच कंपनीत आहे, तर मला कोणी सांगितलं नाही! जुने ट्रेसिंग पेपरवरचे नकाशे स्कॅन करताना कळलं मला. कोपऱ्यात 'श्री. वा.' आणि तारखेत तुमचा तो पोटात रेघ मारलेला सात. मी लंडनच्या ऑफिसात त्या साताकडे बघतच राहिली.

श्रीपाद: नोकरी लागली तेव्हा तू किती खूश होतीस. खोव्याची जलेबी वाटली आपण साऱ्या गल्लीत. त्यात ही गोष्ट कुठे काढायची?

क्षमा: तुम्ही तर म्हणायचे, आधी एका साहेबांकडे होतो, मग खमरियाच्या फॅक्टरीत लागलो.

श्रीपाद: ते काही खोटं नाही.

शैलजा: मधलं गाळलं फक्त. साहेबाने काढून टाकलं ते.

क्षमा: पण चूक खरंच तुमची होती बाबा?

श्रीपाद: माझीच. होकायंत्र माझ्या हातात होतं. प्लॉटला लागून लोखंडाच्या भंगाराचा ढीग होता, माणसापेक्षा उंच. सुई तिकडे ओढली गेली आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. एक काठी रोवून सावली पाहिली असती तरी कळलं असतं. चोवीस वर्षांचा होतो, नवीन होकायंत्राची ऐट होती. साहेबांनी साइट न बघताच सही केली, ते सोड. चूक माझी.

क्षमा: आणि भिंत?

श्रीपाद: साहेब डोकं धरून बसले. मी चार दिवस दुपारी साइटवर विटा रचत बसलो. मध्ये फटी ठेवून सरळ रचल्या, आडव्या रचल्या, मग तिरप्या. पाठीमागे पेपर धरून बघायचो. चौथ्या दिवशी पेपरवर उजेड पडला, पण ऊन नाही पडलं. बातमी आरामात वाचता आली. घरी येऊन रात्रीतून नकाशा काढला.

शैलजा: साहेबाने नकाशा ठेवून घेतला आणि यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हटलं. चुकीची शिक्षा.

क्षमा: ती भिंत आता आमच्या व्हिजिटिंग कार्डावर आहे. दुबईच्या हॉटेलात काचेची केली. सिंगापूरच्या शाळेत सिमेंटची.

श्रीपाद: सिंगापूरचा फोटो पाहिला मी या पानाच्या मागच्या बाजूला. विटेचा कोन आपल्याच वाचनालयाचा ठेवला आहे. तिथलं ऊन वेगळं, सूर्य वेगळा. मुलं डोळे बारीक करून बसत असतील.

क्षमा: त्यांनी नंतर पडदे लावले.

श्रीपाद: हं. एक सांग, ही चुकीची गोष्ट तुम्ही लोकांनाही सांगता?

क्षमा: क्लायंटला सांगतो. प्रत्येक प्रेझेंटेशन तिथूनच सुरू होतं. पद्धत आहे ऑफिसची.

श्रीपाद: तू पण सांगतेस?

क्षमा: मलाच उभं करतात. मी चांगली सांगते म्हणतात.

श्रीपाद: मग सांग मला.

क्षमा: बाबा, प्लीज.

श्रीपाद: मी क्लायंट आहे असं समज. सांग.

क्षमा: 'आमच्या साहेबांकडे एक ड्राफ्ट्समन होता. नकाशे इतके देखणे काढायचा, की सूर्य कुठून उगवतो हे विचारायची त्याला फुरसतच नव्हती.'

श्रीपाद: मग?

क्षमा: मग लोक हसतात. मग मी म्हणते, 'देव करो आणि असा एक गाढव प्रत्येक ऑफिसला मिळो.'

(श्रीपाद चष्मा काढून सदऱ्याला पुसतो.)

श्रीपाद: साहेब असतात तेव्हा?

क्षमा: पहिल्या रांगेत. सगळ्यात जास्त तेच हसतात.

श्रीपाद: तू कोणाची मुलगी, माहीत आहे त्यांना?

क्षमा: इंटरव्ह्यूमध्येच विचारलं होतं. वाडेगावकर म्हणजे जबलपूरच्या का? वडील काय करतात? मी म्हटलं, फॅक्टरीत ड्राफ्ट्समन होते. ते माझ्याकडे बघत राहिले थोडा वेळ. मग म्हणाले, बरं, बरं. आणि घेतलं मला.

शैलजा: अरे देवा! तेरा वर्षं लेकीच्या तोंडून बापाला गाढव म्हणवलं, आणि समोर बसून हसला तो माणूस!

क्षमा: मला माहीत नव्हतं आई!

शैलजा: आता तर आहे ना?

क्षमा: म्हणूनच तर आली इतक्या दूर. साहेबांची मुलगी, यामिनी मॅम, आता सगळं त्याच बघतात. मी म्हटलं, बाबांचं नाव टाका. त्या म्हणाल्या, जरूर टाकू. ड्राफ्ट्समन श्रीपाद वाडेगावकर यांच्या चुकीतून, असं. भिंत साहेबांचीच राहील. आणि बाबांनी तसं सही करून द्यायचं.

श्रीपाद: नाहीतर?

क्षमा: नाहीतर आत्ता आहे तसंच. नुसतं 'ड्राफ्ट्समन'.

शैलजा: आणि भिंत तुझ्या बापाची आहे, हे म्हटलंस का त्यांना?

क्षमा: आई, पुढच्या महिन्यात मला पार्टनर करून राहिले. त्याच स्टेजवर, पुस्तकाच्या प्रकाशनात. आणि पुरावा काय देऊ? बाबांची अक्षरं फक्त चुकीच्या नकाशावर आहेत. भिंतीच्या नकाशाच्या कोपऱ्यात साहेबांची सही आहे.

श्रीपाद: बरोबर आहे तिचं. घाई होती तेव्हा. कोपरा भरायचा राहून गेला माझ्याकडून.

क्षमा: मी तुमच्यावर सोडलं बाबा. तुम्ही म्हणाल तसं.

शैलजा: वा! म्हणजे उद्या मनाला टोचलं तर, बाबाच म्हणाले होते.

श्रीपाद: नाव नको टाकू, क्षमा.

क्षमा: नक्की ना?

श्रीपाद: नक्की. नाव छापलं तर ती गोष्ट सांगताना तुलाच जड जाईल. आडनाव एकच आहे आपलं.

क्षमा: मी आता नाही सांगणार ती गोष्ट.

श्रीपाद: पार्टनर झाल्यावर सांगावीच लागेल बेटा.

क्षमा: मग... मॅमना कळवू?

श्रीपाद: कळव.

क्षमा: हो. झालं, कळवलं.

श्रीपाद: इतक्यात?

क्षमा: मेसेज स्टेशनवरून येताना ऑटोतच टाइप करून ठेवला होता.

श्रीपाद: अच्छा. होचा आणि नाहीचा, दोन्ही टाइप केले होतेस, की हा एकच?

क्षमा: आई, तू बस. पोळ्या मी लाटते.