पूजेतला चिमटा

(देवनहळ्ळी, १९९४ची खंडेनवमी. नरसिंहरावांच्या घराचा सोपा.)

रक्षिता : आज्जा, माझा चिमटा कुठंय? बॅगेत नाही.

नरसिंहराव : आज कशाला हवा? खंडेनवमीला हत्यारं विसावा घेतात. तुझ्या लुनालासुद्धा हार घातलाय मी.

रक्षिता : बसवंतअण्णांनी आणलेल्या टोपलीत बघा तरी.

नरसिंहराव : काटेरी उंदीर की हा. लहानपणी कुंपणात पुष्कळ दिसायचे.

रक्षिता : काट्यांच्या मुळाशी बघा. कानामागं बघा.

नरसिंहराव : अरे देवा, गोचिडी. भरलेलं कणीस झालंय नुसतं.

बसवंत : चकोत्याच्या, म्हंजी पपनसाच्या बागेत पडला हुता, भर उन्हात. एरवी अंधारातच हिंडतोय न्हवं ह्यो. हात लावला तर गोल बी हुईना. म्हटलं, मेला.

रक्षिता : अंगातलं रक्तच पिऊन टाकलंय. हिरड्या पांढऱ्या पडल्यात. उद्यापर्यंत जगणार नाही हा, आज्जा.

नरसिंहराव : मग स्वल्प रॉकेल चोळ. आमच्या म्हशींना तेच चोळायचे.

रक्षिता : एवढासा जीव, रॉकेलनं हाच आधी मरेल. आणि गुदमरलेली गोचीड पोटातलं सगळं जखमेत ओकते. तोंडाशी धरून सरळ ओढावी लागते. बोटांत फुटते. बारीक टोकाचा तोच एक चिमटा आहे. बाकीचे कॉलेजात, आणि कॉलेजला आज कुलूप.

नरसिंहराव : देवघरात आहे.

रक्षिता : देवघरात?

नरसिंहराव : तलवारीशेजारी. हळदकुंकू लावून ठेवलाय.

रक्षिता : तुम्ही? ‘शहाजीराजांबरोबर आलेलं घराणं, आणि पोर गोचिडी वेचणार’, हे कोण म्हणालं होतं? मी जनावरांच्या कॉलेजात नाव घातलं, तेव्हा जेवण सोडलं होतंत.

नरसिंहराव : सोडलं होतं. नाही कुठं म्हणतोय.

बसवंत : आता तसं न्हाई, अक्का. मला तुमचं नाव कुणाकडनं कळलं म्हणतायसा? आज्जांकडनंच. बसस्टँडवर दिसंल त्याला धरून सांगत्यात, आमच्या घरात डॉक्टर हाय, मुक्या जनावरांची.

नरसिंहराव : बसवंत, तू गप बस.

रक्षिता : मग मला कधी का नाही सांगितलंत?

नरसिंहराव : घरच्या पोरीला तोंडावर वाखाणू नये. म्हणून हळदकुंकू लावलं.

रक्षिता : आणि आता तो उचलायचा कसा? पूजेतलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही, तुमचाच नियम.

नरसिंहराव : माझ्या वडिलांचा. मी जन्मात मोडला नाही. श्वास चालू आहे का त्याचा?

रक्षिता : आहे. अगदी बारीक.

नरसिंहराव : शत्रू दारात आला असता, तर आमचे पूर्वज काय म्हणाले असते, आज पूजा आहे, उद्या या? सरी, ठरलं. तू ह्याला धर. मी ठेवलाय, उचलणारही मीच.

बसवंत : घ्या. आज्जा देवघराकडं पळालं की.

रक्षिता : आणलात? आता कान मागं धरा, आज्जा. घट्ट नको. ही बघा, निघाली.

नरसिंहराव : तोंड आत राहिलं नाही ना?

रक्षिता : नाही, अख्खी आली. त्या वाटीतल्या रॉकेलमध्ये टाका. लागलं शेवटी तुमचं रॉकेल कामाला. बसवंतअण्णा, ग्लुकोजचं पाणी थेंबथेंब ओठाशी सोडत राहा.

बसवंत : चाटतोय, अक्का. ऊन उतरलं बघा, अजून किती ऱ्हायल्या?

रक्षिता : पोटाखालच्या एवढ्याच.

नरसिंहराव : आई गं. टोचलं मला. हा अंग आवळतोय.

रक्षिता : सोडू नका. गोल व्हायला लागला म्हणजे जीव धरला.

नरसिंहराव : टोच बाबा, हवं तेवढं टोच.

रक्षिता : झालं. जगेल हा. चिमटा धुऊन देते, आज्जा. रक्तानं भरलाय, असा कसा देवघरात ठेवणार?

नरसिंहराव : दे इकडं, तसाच ठेवतो. शेजारच्या तलवारीला मी जन्मल्यापासून फक्त लिंबूच लागलंय.