कानाले न टोचणारा भोंगा

मी भिका, मूळ साक्रीकडचा. बाप सुतारकाम करायचा, मी स्वातंत्र्याच्या सुमाराला धुळ्याले आलो आन् लग्नाकार्यात भोंगे लावायले लागलो. काय सांगू तुम्हाले, तो पत्र्याचा भोंगा बोलला की गल्लीतली कुत्री पळायची. खेड्यात वीज नाही, मोटारीच्या बॅटरीवर सगळा बठ्ठा खेळ, म्हणून भोंगाच लागायचा, थोड्या ताकदीत लांब जातो ना तो. पण आवाज कसा, तर ताटावर खिळा ओढावा तसा.

आता माझी बायको अनसूया. हळदीची गाणी म्हणावी तर तिनंच, हे मी नवरा म्हणून नाही सांगत, कोणालेबी विचारा. बाया तिले मधी बसवायच्या, ती गाणं उचलायची, बाकीच्या झेलायच्या. भोंगे आले आन् बाया गप झाल्या. वरून गाण्याची तबकडी ओरडते, खाली कोण कोणाचं ऐकणार? अन्सू म्हणायची, तुमच्या त्या पत्र्यानं आमची तोंडं बंद केली.

मग मी हट्टालेच पेटलो, बाईचा आवाज बाईसारखा ऐकू येईल असं काहीतरी आणायचंच. तिले घेऊन जळगावच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणे, तबकडी लावून ऐका भाऊ. म्हटलं, तबकडी नको, ही गाईल. अन्सू लाजली, पण गायली, आन् मी रस्ता ओलांडून पार समोर जाऊन उभा. एक भोंगा नुसता किंचाळला. दुसरा गोड, पण गोधडीखालून आल्यासारखा, वरून बॅटरी पिऊन टाकणारा. शेवटी त्यानं आतून दोन सागवानी पेट्या काढल्या, मागं हे एवढं जड लोहचुंबक, पुढं कागदाचा मोठा पडदा, फुंकरीनं हलेल इतका हलका. बॅटरी जेमतेम खायच्या, आन् आवाज असा आला की वाटलं अन्सू शेजारीच बसली शे. डोळ्यात पाणीच आलं हो.

साक्रीच्या अलीकडं एका लग्नात त्या पहिल्यांदा लावल्या, मांडवातच, बायांकडं तोंड करून. अन्सूनं गाणं उचललं, बठ्ठ्या बाया झेलायले लागल्या, म्हाताऱ्या डोळे पुसायले लागल्या. तेवढ्यात नवरीचा बाप आला. आमच्याकडं रीत अशी की भोंगा निंबावर चढवायचा आन् त्याचं तोंड सोयऱ्याच्या गावाकडं करायचं, मांडवात कोणाले काही कळो न कळो. तो म्हणे, भिका, आवाज गोड शे रे, पण नदीपलीकडं जातो का? म्हटलं, नाना, हळद इथं लागतीये, नदीपलीकडं काय काम? ऐकतो कुठं! म्हणे, सोयरे म्हणतील मुक्याचं लग्न व्हतं. दुसऱ्याचे भोंगे आणून चढवले, तबकडी सुरू. अन्सूले वाटलं जरा जोर लावला तर निभेल. ताणत गेली, ताणत गेली, आन् गळा गेला. काढे झाले, वैद्य झाले, नवस झाले, तो आवाज परत आलाच नाही. जळो ती रीत.

आता मीबी भोंगेच लावतो, पोट कोणाले चुकलंय? पेट्यांना गिऱ्हाईक नाही, लोक म्हणतात आवाज बसका शे.

परवा पुतणीची हळद व्हती. बायांनी मान म्हणून अन्सूले मधी बसवलं. तिनं तोंड उघडलं, नुसती हवा निघाली. बाया खाली पाहायले लागल्या. मग तिनंच मले हात केला, घोगऱ्या आवाजात म्हणे, लावा तुमची तबकडी. लावली.

देव तुमच्या घरच्या बायांचा गळा शाबूत ठेवो भाऊ, दुसरं काय सांगू.