याळीचं तोंड

चेन्नईत एग्मोरच्या दवाखान्यात बाकावर सेतुमाधव पुस्तकात मान घालून बसले होते. शेजारच्या मायलेकी मराठीत बोलू लागल्या आणि त्यांचं पान उलटायचं राहून गेलं.

“अम्मा, आज अप्पा नवा शब्द बोलले म्हणे.”

“अर्धांगाचा झटका आल्यापासून ‘पाणी’ सोडून दुसरा शब्द म्हणाले नाहीत गं. कुठला शब्द?”

“आत बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी पटाशीचं चित्र दाखवलं, तर ‘तासणं’ म्हणाले.”

“अय्यो, सौम्या! कोरणं नाही म्हणाले?”

“जवळचंच आहे की.”

“जवळचं? जन्मभर वीणा घडवल्या त्यांनी. वीणेच्या टोकाचं ते याळीचं सिंहासारखं तोंड कुणी ‘तासलं’ म्हटलं, तर भरल्या पानावरून उठायचे. ‘फळी तासतात, तोंड कोरतात!’ म्हणून सगळी आळी गोळा करायचे.”

“हळू बोल, लोक ऐकतात.”

“ऐकू देत. तेच विसरले असतील, तर घरी मी कुणाला घेऊन जाऊ?”

दार उघडलं. गिरीधरराव काठी टेकत बाहेर आले आणि कुणाकडेच न पाहता उभे राहिले.

“अप्पा, माझ्या वीणेची याळी तुम्हीच तासलीत ना?”

“सौम्या, गप्प बस!”

“किती छान तासलीत, अप्पा.”

सेतुमाधवांच्या अगदी ओठांवर शब्द आला होता. पण परक्यानं मध्ये बोलावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

काठी फरशीवर आपटली.

“को... कोरली! कोरली, मूर्ख मुली!”

“चिडले! अगं, चिडले ते! सौम्या, पुन्हा म्हण, पुन्हा एकदा तासली म्हण!”