नाताळाच्या सव्वीस पुड्या

...नाही हो, मला नका उभं करू म्हणून मी दिनकररावांना तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सकाळी उपासनेआधी हात जोडून सांगितलं! पण पाळक म्हटल्यावर ते कुठे ऐकतात? म्हणाले, "गुरुजी, आठवडाभर मंडळीत कुजबुज चाललीय, काय झालं ते एकदा तुमच्या तोंडून होऊन जाऊ द्या." आता माझ्या तोंडून! या तोंडानंच तर सगळं झालं! ...दार लोटलंय ना? आश्रुबा, बघ रे बाबा जरा. लोटलंय? कडी? कडी नको, कडी लावली तर आत काय चाललंय असं बाहेरच्याला वाटेल. नुसतं लोट.

तर तुम्हाला सांगतो, बोरीहून जी मंडळी आज आली आहेत त्यांना काहीच ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. नोव्हेंबरात दिनकरराव माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, लेकरांना नाताळाची भेट काय द्यावी, यावर आईबापांना चार शब्द सांगा. एकानं बाजारातून चावीची मोटार आणली की दुसऱ्याचं लेकरू रडतं. तुम्ही एम.ए. झालेले." एम.ए.! तत्त्वज्ञानात! चाळीस वर्षं मला लोक हे सांगतायत आणि चाळीस वर्षं मला वाटतंय की तपासणाऱ्याची काहीतरी चूक झाली असावी. मी कुणाला भेटीबद्दल काय सांगणार? माझ्या स्वतःच्या मुलाला मी दर नाताळाला इंग्रजी शब्दकोश दिला. दर वर्षी थोडा मोठा. आज तो मुंबईला रेल्वेत आहे, वर्षातून दोनदा पत्र येतं, पत्रात शुद्धलेखनाची एक चूक नसते आणि मायेचा एक शब्द नसतो. कुणाला दोष देऊ? शब्द मीच पुरवले होते.

पण उभा राहिलो. याच जागी. आणि काय सांगावं, त्या दिवशी मला वाचा फुटली! मी म्हटलं, भेट बाजारातली नको, आपल्या हातची हवी. मग वाकडी झाली तरी चालेल. मी म्हटलं, ज्याच्याशिवाय आपल्याला करमणार नाही तेच द्यावं, उरलंसुरलं देणं म्हणजे घर झाडणं. मी म्हटलं, सगळ्या लेकरांच्या पुड्या सारख्या दिसल्या पाहिजेत, वर फक्त लेकराचं नाव, देणाऱ्याचं नाव लिहायचंच नाही. आणि मी म्हटलं... इथे माझी मास्तरकी आडवी आली बघा... मी म्हटलं, लेकरांना धीर शिकवा! पुडी ओरबाडायची नाही, कागद फाडायचा नाही, आधी प्रार्थना, मग हलकेच दोरा सोडायचा, कागदाची घडी घालायची आणि ती वर्षभर पवित्र शास्त्राच्या पुस्तकात, बायबलात जपायची, भेटीची आठवण म्हणून. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं. माझंच चुकलं, मला बरं वाटलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

लेकरं सव्वीस. त्यांच्या भेटी तुम्ही माझ्या घरी आणून टाकल्या. पिंगळीच्या धुरपताबाईंनी चार लेकरांसाठी चार चिंध्यांचे चेंडू, आश्रुबानं लाकडाची बैलजोडी, एक बैल लंगडा, पण काय डौल! आणि मी? मी आमच्या हन्नासाठी बाहुली केली. सून गेल्यापासून नात आमच्याजवळच आहे, आता सात वर्षांची झाली. घरात चांगलं कापड कुठलं? माझा पदवीदानाचा काळा झगा होता, तो फाडला. आमच्या घरच्या, सुमनबाई, म्हणाल्या, "अहो, एम.ए.चा झगा!" म्हटलं, पडून तरी काय करतोय? महिनाभर दार लावून शिवत बसलो. डोळ्यांत मोतीबिंदू, निम्मे टाके माझ्याच बोटात. झाल्यावर ती बाहुली जरा वांग्यासारखी दिसत होती, पण तिच्याकडे बघून मला पहिल्यांदा वाटलं, की हो, आपण एम.ए. आहोत.

आता गुंडाळायला कागद? लढाई संपून दोन वर्षं झाली तरी कागद कुठे मिळतोय? तेवढ्यात नगरहून मिशनच्या गीतपुस्तकांची पेटी परभणी स्टेशनावर उतरली. करोडगिरीच्या, जकातीच्या नाक्यावर पेटी उघडून पुस्तकं एक एक झाडून पाहिली होती, पण पुस्तकांभोवती जो कागद कोंबला होता त्याच्याकडे कुणीच पाहिलं नाही. मीही नाही! चांगला, कोरडा, मोठ्ठा कागद. सव्वीस पुड्या केल्या, वर चिठ्ठ्या डकवल्या, सुमनबाईंनी दोरा बांधला.

तो कागद कसला होता? ...दार लोटलंय ना? ...वर्तमानपत्र! तिकडचं! पुण्याकडचं! ज्याला आपल्या हैदराबाद रियासतीत बंदी आहे ते! तुम्ही म्हणाल, गुरुजी, तुम्हाला कळलं नाही? अहो, कसं कळणार? अकरा वर्षं मी एकही वर्तमानपत्र वाचलेलं नाही! भीतीनं! म्हटलं, जो वाचतच नाही त्याला कोण पकडणार? दुकानदारानं फुटाणे कागदात दिले तरी मी ते खिशात ओतून कागद तिथेच ठेवतो. इतका जपणारा माणूस मी! आणि सुमनबाईंना नंतर विचारलं, तुम्हाला तरी दिसलं नाही का? तर म्हणतात, "दिसलं की. पण म्हटलं, तुम्ही एवढे शिकलेले, काहीतरी विचार केलाच असेल."

नाताळ उजाडला. दुपारचा कार्यक्रम. लिंबाची ती मोठी फांदी तेलाच्या डब्यात उभी केली, तिला सव्वीस पुड्या लटकवल्या. रिवाजाप्रमाणे पोलिसांचे अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे फौजदार, पाहुणे म्हणून आले, सोबत त्यांची सहा वर्षांची मुलगी मुन्नी, आणि मागे जमादार बसवंतराव. साहेबांना हार घातला. माझी खुर्ची साहेबांच्या शेजारी, का तर मी शिकलेला! आणि हन्ना झाडापाशी उभी. आता ही मुलगी मी वाचायला शिकवलेली. दिसेल ते मोठ्यानं वाचते, दुकानाची पाटी, आगपेटी, काहीही. तिनं स्वतःच्या नावाची पुडी फिरवली आणि घंटेसारख्या आवाजात वाचलं, "है-द-रा-बा-द-चे... पु-ढे... का-य?"

तुम्ही तिथे होतात, तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं, काय गोड वाचते! साहेबांना मराठी येत नाही, पण त्यातला एक शब्द तर कळणारच की! ते खूश. "अरे वा बेटा! हैदराबाद! और क्या लिखे है?" मी उठलो. साहेब म्हणाले, "क्यों मास्टर साब, पसीना कायकू आरा? ठंडी का मौसम है." म्हटलं, साहेब, आनंद! आनंदाचा घाम आहे!

आणि तेवढ्यात जमादार बसवंतराव झाडाकडे निघाले. हा माणूस आपल्याकडचाच, मराठी वाचणारा! हात मागे बांधून, मान वाकडी करून, एक एक पुडी वाचतोय. हन्नाच्या पुडीपाशी थांबला, खालपर्यंत वाचलं, मग दुसरी, मग तिसरी, झाडाला पूर्ण वळसा घातला, जणू काही शोधतोय. मला वाटलं, पुरावा गोळा करतोय! सव्वीस कलमं लावणार! हातात बेड्या घालून मला स्टेशनाकडे नेतायत आणि बघायला माझे जुने विद्यार्थी उभे आहेत, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्यातले निम्मे मी नापास केलेले!

मग मी जे केलं ते तुम्हाला आठवत असेल. मी ओरडलो. "लेकरांनो! घ्या पुड्या! फाडा! फाडा आणि कागद चुलीत टाका!" आणि तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं शिकवलं, माझं कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. पण त्या दिवशी! सव्वीस लेकरं रांगेत, हात जोडून, डोळे मिटून उभी! एक म्हणतो, "गुरुजी, आधी प्रार्थना." मी म्हटलं, राहू दे प्रार्थना! आणि धुरपताबाई, तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत, "असं कसं गुरुजी? तुमीच सांगितलं की, कागद फाडायचा न्हाई म्हून! माजी लेकरं म्हैनाभर घोकायलीत, आन् आता फाडा म्हणायलाव? लेकरांनी शिकावं तरी काय?" बरोबर होतं तुमचं. माझंच चुकलं. दिनकररावांनी माझा चेहरा पाहिला आणि प्रार्थना सुरू केली. इतकी लांब प्रार्थना मी जन्मात ऐकली नाही, आदामापासून निघाले ते थेट आपल्या पंचक्रोशीपर्यंत आले, आणि मी मनात म्हणत होतो, चालू ठेवा, थांबू नका. पण आमेन कधीतरी म्हणावंच लागतं.

मग लेकरांनी हलकेच दोरे सोडले. हलकेच घड्या घातल्या. एकही कागद फाटला नाही. पंचवीस घड्या, पंचवीस घरी, शास्त्राच्या पुस्तकात! मी शिकवलेलं!

पंचवीस म्हणालो. सव्विसावी हन्नाची. तर झालं असं की साहेबांची मुन्नी झाडाकडे बघत उभी होती, झाड रिकामं झालेलं. साहेब हसत म्हणाले, "हमारी मुन्नी का नाम नहीं है क्या झाड पे?" नव्हतं! सव्वीस नावं लिहिली, पाहुण्याच्या लेकराचं नाव कुणालाच सुचलं नाही, मलासुद्धा! आणि आमची हन्ना पुढे झाली, आपली न उघडलेली पुडी तिनं मुन्नीच्या हातात दिली. तशीच. "हैदराबादचे पुढे काय" वरच्या बाजूला!

मी झेपावलो. पुडीचं एक टोक माझ्या हातात, एक मुन्नीच्या. बहात्तर वर्षांचा एम.ए. माणूस सहा वर्षांच्या पोरीशी ओढाओढ करतोय! साहेब म्हणाले, "अरे मास्टर साब! देके वापस लेते क्या?" मी म्हटलं, नाही साहेब, नुसता कागद... कागद जुना आहे, नवा घालून देतो... "रहने दो, बच्चे की चीज है." आणि गेली. माझी बाहुली, माझा झगा आणि माझी मान, तिन्ही एका पुडीत बांधून अमीनसाहेबांच्या घरी गेली.

घरी आल्यावर मी हन्नाला म्हटलं, अगं, आत काय होतं ते तुला ठाऊक तरी होतं का? तर म्हणते, "बाहुली होती. काळी. मी रोज फटीतून बघत होते, आजोबा." म्हटलं, मग दिलीस का? "तुम्हीच म्हणालात ना, ज्याच्याशिवाय करमणार नाही तेच द्यावं?" आणि मग मात्र रडली हो. खूप रडली. मीही. तिचं कारण वेगळं होतं, माझं वेगळं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

त्या दिवसापासून मी घरात जोडे घालून बसलोय. पिशवी भरून ठेवली, शास्त्र, घोंगडी, चष्मा. सुमनबाई म्हणतात, "जोडे तरी काढा, कुणी येत नाही." पण आले! काल दुपारी दारावर थाप. उघडलं तर जमादार बसवंतराव! मी पिशवी उचलली. मुकाट्यानं हात पुढे केले. तर तो इकडेतिकडे बघतो, आत येतो, आणि स्वतःच दार लोटून घेतो! म्हणतो, "भिऊ नका गुरुजी. साहेबानं धाडलंय. पोरगी तुमच्या बाहुलीबिगर जेवंना बघा." म्हटलं, आणि कागद? तर त्यानं छातीशी धरलेली घडी काढली. व्यवस्थित घडी, तुमच्या लेकरांसारखी! "साहेबानं चार येळा वाचून घ्येतला माज्याकडून. पुढं काय होणार म्हून ते बी लय घोरात हायेत, गुरुजी. बायकोला म्हायेरी धाडावं का ठिवावं, कळंना त्यास्नी. पर बातमी अर्धीच हाय की! खाली लिवलंय, पान पाच पाहा. त्या दिशी मी समदं झाड हुडकलं, पर गुंडाळलेल्यात काय दिसतंय?"

म्हणजे तो पुरावा शोधत नव्हता. पान पाच शोधत होता!

मी जोडे काढले. आणि तुम्हाला सांगतो, अकरा वर्षांनी पहिल्यांदा, चष्मा लावून, खिडकीच्या उजेडात, मी वर्तमानपत्राचं एक पान वाचलं. अर्धवट. तेव्हापासून झोप नाही! आधी मी काय होईल ते माहीत नाही म्हणून भीत होतो, आता अर्धं माहीत आहे म्हणून भितोय.

तेव्हा भेटीबद्दल मी यापुढे कुणाला काही शिकवणार नाही. हन्नाला विचारा, तिला जास्त कळतं. माझं एवढंच मागणं आहे. आज घरी गेल्यावर शास्त्राचं पुस्तक उघडा, लेकराच्या घडीवर बघा, पान पाच कुणाकडे आहे ते. असेल त्यानं गुपचूप माझ्या ओसरीवर आणून ठेवावं. साहेब वाट बघतायत, जमादार वाट बघतायत, आणि... आता लपवून काय करू... मीही बघतोय. दार लोटलंय ना?

आणि हो, देणाऱ्याचं नाव लिहू नका. ते मी नोव्हेंबरातच सांगितलंय.