ताकाओची पाटी

सायोको: आई, देवघरात ताकाओच्या नावाची पाटी दिसत नाही.

आई: तांदळाच्या डब्यात ठेवलीय. उराबेबाई येऊन जाऊ देत, मग लावू परत.

सायोको: माझ्या भावाला तांदळाच्या डब्यात घातलंस?

आई: पाटीवर तो गेल्याची तारीख आहे. नऊ ऑगस्ट. आपल्या नागासाकीत ती तारीख वाचली, की स्थळ आणणारी बाई चहासुद्धा न घेता उठेल. मी सांगितलंय, बॉम्ब पडला तेव्हा आपण मामाकडे सासेबोला होतो.

सायोको: आणि ताकाओ?

आई: तू एकुलती एक आहेस, असं सांगितलंय.

सायोको: सहा वर्षं जगला बिचारा. तेवढीही पुसून टाकलीस.

आई: हळू बोल. तुझ्या मैत्रिणीचं, कियोचं ठरलेलं लग्न का मोडलं, विसरलीस? बॉम्बमधून वाचलेली ही, हिला धड मुलं कशी होतील, म्हणाले.

सायोको: मोडू दे माझंही. बॉम्ब टाकणारे ताठ मानेनं फिरतायत आणि चौदा वर्षं भर उन्हाळ्यात लांब बाह्या मी घालतेय. का म्हणून?

आई: मला राग येत नाही असं वाटतं तुला? पोराचा चेहरा उरला नव्हता. मी शिवलेल्या कमरेच्या पट्ट्यावरून ओळखलं त्याला. तुझं तरी धड व्हावं, एवढंच बघतेय मी.

(दार सरकतं.)

उराबेबाई: आहात ना घरात? मुलाकडचे खूश आहेत हो. फक्त एकदा खात्री करायला सांगितलंय. त्या दिवशी तुम्ही गावात नव्हतात ना?

आई: छे, आम्ही सासेबोला...

सायोको: गावातच होतो, काकू. हा बघा माझा भाजलेला हात. आणि मला भाऊ होता.

उराबेबाई: बाही खाली घे, पोरी. मी काही पाहिलं नाही. लग्न होऊ दे आधी.

सायोको: पाहिलंत तुम्ही. तसंच सांगा त्यांना.

उराबेबाई: स्थळ हातचं जाईल.

सायोको: जाऊ दे. खोटं सांगून मला त्या घरात जायचं नाही. तुम्हाला काय कळणार म्हणा.

उराबेबाई: मला? माझा नवरा कारखान्यात होता त्या दिवशी. महिनाभरात केस गळले, दात पडले आणि गेला. पोरींची लग्नं व्हायची होती. विषमज्वर झाला होता म्हणून सांगते मी सगळ्यांना. अजूनही.

सायोको: काकू...

उराबेबाई: राहू दे. निघते मी. मुलाकडच्यांना काय ते कळवते.

आई: बसा, उराबेबाई. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.

उराबेबाई: काय नाव होतं हो मुलाचं?

आई: ताकाओ. फार हट्टी. पायात काही घालायचाच नाही.